निवड कोठे होते?

मनुष्य हा विवेकी प्राणी आहे, असे तत्त्ववेत्ते फार दिवसांपासून सांगत आले आहेत. या विवेकाची परीक्षा पाहावयाची झाल्यास त्यास एखाद्या धर्मसंकटात टाकण्याचे मुळीच कारण नाही. साधारण एकाच किंमतीचे दोन स्मार्टफोन त्याच्यापुढे ठेवावे म्हणजे झाले. मुलाची शाळा, मुलीचे स्थळ, राहावयाचे घर असल्या जन्माच्या गोष्टींचा निकाल दोन बैठकींत लावणारे गृहस्थ या ठिकाणी मात्र तीन-तीन आठवडे अडून बसतात. एकाचा कॅमेरा चांगला, तर दुसऱ्याची बॅटरी टिकाऊ. एकाचा पडदा तेजस्वी, तर दुसरा हातात हलका. मग तुलनेचे तक्ते होतात, जाणत्या भाच्याचा सल्ला घेतला जातो, तो मनासारखा न पडल्यास दुसऱ्या भाच्याचा घेतला जातो, आणि एवढा खटाटोप झाल्यावर दुकानात शेवटी रंग पाहून फोन पसंत होतो. यात हसण्याजोगे पुष्कळ आहे खरे. पण विचार करण्याजोगे, आमच्या मते, त्याहून अधिक आहे.

कोशात या वस्तूस 'भ्रमणध्वनी' असा भारदस्त शब्द आहे. तो लग्नपत्रिकेवर छापण्याच्या कामी येतो. बोलताना सर्वजण 'फोन'च म्हणतात, आणि आम्हीही तेच म्हणणार आहो. १९७३ सालच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून मार्टिन कूपर यांनी हातातल्या यंत्रावरून पहिला फोन केला, तेव्हा ते यंत्र केवळ बोलण्याचे होते. १९९५ साली ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले, तेव्हाही ते बोलण्याचेच होते. २००७ साली आयफोन निघाला, पुढील वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन निघाला, आणि बोलणे हा त्या यंत्राचा एक किरकोळ गुण होऊन बसला. आपल्या देशात २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून तर फोन म्हणजे पैशाचे पाकीट, बँकेची किल्ली, टपालपेटी आणि ओळखीचा दाखला असे सर्व काही झाले आहे. म्हणून 'ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने हवा तो घ्यावा, यात नीतीचा प्रश्न कोठे आला?' असे जे म्हणतात, त्यांच्याशी आमचे जमत नाही. धोतरजोडी निवडणे ही आवडीची बाब. घराची किल्ली कोणाच्या हाती असावी ही आवडीची बाब नव्हे.

पाश्चात्त्य तर्कशास्त्रात एका गाढवाची कथा प्रसिद्ध आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस सारख्याच अंतरावर गवताचे दोन सारखेच भारे ठेवले. एकाकडे जावे असे कोणतेच कारण दुसऱ्याहून प्रबळ नसल्यामुळे ते बिचारे मध्येच उपाशी मेले. चौदाव्या शतकातील फ्रेंच पंडित झाँ ब्युरिदाँ याच्या नावावर ही कथा चालते. त्याच्या ग्रंथांत मात्र ती सापडत नाही. आणि सारखीच भूक व सारखीच तहान लागून जागच्या जागी खिळलेला मनुष्य तर त्याच्याही कितीतरी आधी अॅरिस्टॉटलने उदाहरणादाखल घेतला होता. आमच्या फोनखरेदीदारास या गाढवाची उपमा देण्याचा मोह होतो, पण ती लागू पडत नाही. गाढवास भूक तरी खरी होती. आमचा खरेदीदार बहुधा जेवून उठलेला असतो. त्याच्या खिशात एक चालता फोन असतो. त्याच फोनवर तो पुढील फोनाची माहिती वाचीत असतो! त्याने दोहोंपैकी एकही भारा न निवडता घरचा रस्ता धरला, तर तो मरणार नाही, हे गाढवाच्या आणि त्याच्या स्थितीतील अंतर सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच त्याच्या ध्यानात येत नाही.

काहींचे म्हणणे असे की, सारा दोष पर्यायांच्या संख्येचा आहे. पूर्वी एकच फोन मिळे, तो घेऊन लोक सुखी असत. या मताच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेतील एक प्रयोग सांगतात. शीना अय्यंगार व मार्क लेपर या दोघांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. दुकानात चोवीस प्रकारचे मुरांबे मांडले तेव्हा थांबून पाहणारांपैकी शेकडा ३ जणांनी खरेदी केली; सहाच मांडले तेव्हा शेकडा ३० जणांनी. गोष्ट मोठी मनोरंजक आहे, पण तीवर फार भार टाकता येत नाही. पुढे २०१० साली अशा पन्नास प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा पर्याय वाढल्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. आम्हांस याचे आश्चर्य वाटत नाही. ज्यास लिंबाचा मुरांबा हवा आहे त्याच्यापुढे चोवीस बरण्या ठेवा की चारशे, तो लिंबाची उचलील. आपणांस काय हवे हेच ठाऊक नसले म्हणजे दोन बरण्यांचाही घोटाळा होतो.

आणि फोनच्या बाबतीत काय हवे हे ठरविणे सोपे नाही, हेही कबूल केले पाहिजे. सोने कसोटीवर घासता येते, धान्य मापाने मोजता येते. पण रात्रीच्या अंधारात निघणारे छायाचित्र, दिवसभर टिकणारी बॅटरी, आपली खाजगी माहिती न चोरणारा कारखानदार आणि पडल्यावर शंभर ठिकाणी हिंडल्याशिवाय दुरुस्त होणारा पडदा, या चार गोष्टी एकाच तराजूत घालावयाच्या कशा? किंमत हा तराजू आहे असा भास होतो, म्हणून मनुष्य किंमतीकडे वळतो. पण किंमत विकणाराची सोय सांगते, घेणाराची गरज सांगत नाही. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली असे प्रतिपादिले की, शहाणा मनुष्य सर्वोत्तमाच्या मागे लागत नाही. पुरेसे काय हे आधी ठरवितो आणि त्या रेषेस उतरणारी पहिली वस्तू पत्करतो. या विचाराकरिता इंग्रजीत त्यास एका जोडशब्दाचा आश्रय करावा लागला. आपल्याकडे 'भागणे' हे क्रियापद पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. 'एवढ्यावर आमचे भागते' असे म्हणणाऱ्या गृहिणीने सायमनसाहेबांचे नाव ऐकलेले नसते. दुर्दैवाने या शब्दास अलीकडे दारिद्र्याचा वास येऊ लागला आहे. 'भागते' म्हणणे म्हणजे जमत नाही याची कबुली, असे आमची मुले समजतात.

असे त्यांना का वाटते? येथे विकणाराच्या वर्तनाकडे वळणे प्राप्त आहे. दरवर्षी नवा फोन काढावयाचा, तर गतवर्षीचा फोन जुना ठरला पाहिजे; आणि जी वस्तू स्वतः होऊन वर्षभरात जुनी होत नाही, ती तशी वाटेल अशी व्यवस्था करावी लागते. बहुतेक वेळा ही व्यवस्था जाहिरातीने होते आणि तीत अधर्म आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या मालाची स्तुती हलवाईही करतो. पण २०१७ सालच्या डिसेंबरात जे उघडकीस आले ते निराळ्या जातीचे होते. बॅटरी जीर्ण झालेल्या काही आयफोनांचा वेग आपण आज्ञावलीद्वारे कमी करीत होतो, हे अॅपल कंपनीने त्या वेळी मान्य केले. कंपनीची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. लिथियमची बॅटरी वापराने झिजते, झिजलेल्या बॅटरीवर एकाएकी भार आला तर फोन बंद पडतो, आणि तो पडू नये म्हणून वेग आवरला, असे तिचे म्हणणे होते. हे सर्व खरे धरले तरी एक प्रश्न राहतोच. ही गोष्ट फोनधारकास वेळीच स्पष्टपणे का सांगितली नाही? ज्याचा फोन मंद झाला त्याने 'फोन म्हातारा झाला' असे समजून हजारो रुपयांचा नवा घेतला असेल. त्यास केवळ नवी बॅटरी पुरली असती. पुढे कंपनीने क्षमा मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणला. २०१८ साली इटलीच्या शासनसंस्थेने याच प्रकारच्या तक्रारींवरून अॅपलला एक कोटी युरोंचा आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड केला. म्हणजे हा एकाच कंपनीचा स्वभावदोष म्हणून सोडून देण्याजोगा विषय नाही.

वाचकांनी येथे थोडे थांबावे. त्या ग्राहकाने दुकानात जाऊन दोन नव्या फोनांमध्ये अत्यंत विचारपूर्वक, तक्ते करून निवड केली असेल. पण त्याची खरी निवड जुना ठेवावा की टाकावा ही होती, आणि ती त्याच्या अपरोक्ष दुसऱ्याच कोणी उरकून टाकली होती. ज्यास आपण स्वातंत्र्य म्हणतो ते अशा वेळी, तुरुंगातील कैद्यास भिंतीचा रंग विचारावा तितपतच उरते.

आता दोन पंथांविषयी. आयफोनवाले आणि अँड्रॉइडवाले यांच्यातील वाद ऐकताना आम्हांस शैव-वैष्णवांच्या जुन्या भांडणांची आठवण होते. फरक इतकाच की त्या भांडणांत कोठेतरी परमेश्वर होता. दोन्हीकडील गुणदोषांची चर्चा येथे करण्याचे प्रयोजन नाही. पण पंथ एकदा धरला की सोडणे कठीण का होते, हे पाहण्यासारखे आहे. छायाचित्रे एका ठिकाणी साठलेली, विकत घेतलेली साधने एकाच ठिकाणी चालणारी, मनगटावरील घड्याळ त्याच घराण्यातले. बाहेर पडावयाचे म्हणजे बिऱ्हाडच हलवावयाचे. २०२२ साली एका परिषदेत एका गृहस्थाने अॅपलचे प्रमुख टिम कुक यांच्याकडे गाऱ्हाणे केले की, आपण आईस पाठविलेल्या काही चित्रफिती तिच्या निराळ्या फोनवर नीट दिसत नाहीत. त्यावर, आईलाही आयफोनच घेऊन द्या, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी हसत हसत दिले. उत्तर विनोदाचे होते खरे, पण त्या विनोदातले मर्म २०२४ सालच्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सरकारने त्या कंपनीवर मक्तेदारीचा दावा लावला, त्यात पुन्हा दिसते. आपल्याकडे बहुतेकांचा निरोपव्यवहार व्हॉट्सअॅपवरून चालत असल्यामुळे ही भिंत तितकी जाणवत नाही. आपल्याकडची भिंत प्रतिष्ठेची आहे. महाविद्यालयाच्या उपाहारगृहात मेजावर पालथा ठेवलेला फोन कोणत्या बनावटीचा आहे हे त्याच्या पाठीवरून कळते, आणि ते कळावे म्हणूनच तो पालथा ठेवलेला असतो. वडिलांच्या दीड-दोन महिन्यांच्या पगाराची ती पाठ हप्त्याने घेतलेली असते. हप्त्याने वस्तू घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. शिलाईचे यंत्रही पूर्वी हप्त्यानेच घरी आले. पण त्या यंत्राने हप्ता फेडला. फोनच्या पाठीने काय फेडले, एवढे मुलाने स्वतःशी विचारावे, आणि न विचारल्यास बापाने विचारावे.

याहून दूरची, डोळ्यांआड असलेली माणसेही या व्यवहारात आहेत. बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टाचा निम्म्याहून पुष्कळ अधिक पुरवठा आफ्रिकेतील काँगोमधून होतो, आणि तेथील हातखाणींत लहान मुले राबतात, हे अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ सालच्या आपल्या अहवालात जगापुढे मांडले. दुसऱ्या टोकास कचरा. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचरा झाला. त्यातील रीतसर गोळा होऊन पुनरुपयोगास लागल्याची नोंद शेकडा २२ च्या आसपासच भरते. हे आकडे वाचून हळहळणारा सज्जन मनुष्य विचारतो, 'मग यांपैकी कोणता फोन घेतला म्हणजे मी निर्दोष?' आमचे उत्तर त्यास रुचणार नाही. दोन्ही फोनांत धातू तेच आहेत, आणि दोघांचाही प्रवास थोड्याफार फरकाने त्याच वाटेने झालेला आहे. अॅम्स्टरडॅमच्या फेअरफोनसारखी एखादी कंपनी या बाबतीत अधिक कष्ट घेते, तिचे कौतुक करावे; पण सर्वसाधारण दुकानातील सर्वसाधारण दोन फोनांमध्ये या पापाचे माप फारसे कमीजास्त होत नाही. ते होते वर्षांनी. चाळीस हजारांचा फोन दोन वर्षांत टाकला तर वर्षाचे वीस हजार पडले. पाच वर्षे चालविला तर आठ हजार. खिशाचा हा हिशेब खाणीचा आणि उकिरड्याचाही हिशेब आहे, कारण फोनमुळे जो धूर हवेत जातो त्याचा बहुतेक भाग तो घडविताना जातो, वापरताना फार थोडा.

तेव्हा 'कोणता?' या प्रश्नाचे महत्त्व जाऊन 'केव्हा?' आणि 'किती दिवस?' हे प्रश्न पुढे येतात. यावरून कोणता घ्यावा हे पाहूच नये असे मात्र ठरत नाही. उलट पाहण्याची कसोटी बदलते. कॅमेऱ्याची भिंगे मोजण्याऐवजी या फोनला सुरक्षेची दुरुस्ती किती वर्षे मिळत राहील, बॅटरी बदलून मिळेल काय, सुटा भाग आपल्या गावात मिळतो काय, हे विचारावे. अशा प्रश्नांत रस कमी, पण उत्तरे मिळू लागली आहेत. गूगलने २०२३ सालच्या आपल्या फोनापासून आणि सॅमसंगने २०२४ च्या आरंभी काढलेल्या आपल्या भारी फोनापासून सात वर्षांचे वचन दिले. फ्रान्सने २०२१ पासून फोन दुरुस्तीस किती सोपा याचे गुण विक्रीच्या वेळी दाखविणे भाग पाडले. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून असा नियम केला की, बॅटरी आठशे वेळा भरून रिकामी झाल्यावरही तिची शेकडा ८० शक्ती राहिली पाहिजे आणि विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत. स्वस्त फोनांची गोष्ट निराळी. त्यांतील कित्येकांचे आयुष्य दोन-तीन वर्षांतच संपते, आणि गरिबास वारंवार घ्यावे लागल्याने स्वस्तच महाग पडते. याचा दोष गरिबाच्या अविवेकास देणे हा शुद्ध निर्दयपणा आहे.

आता या प्रश्नाच्या ज्या अंगाविषयी आम्हांस सर्वांत अधिक सांगावयाचे आहे, तेथे येतो. आपल्या मध्यमवर्गीय घरांत नवा फोन येतो तेव्हा जुना कोठे जातो? तो घरातल्या वडीलधाऱ्यांकडे जातो. 'मला काय करायचाय नवा? तुझा जुना दे, माझं त्याच्यावर भागतं,' असे आई म्हणते. आणि ज्या तत्परतेने आपण ते मान्य करतो, ती तत्परता अन्य बाबतीत आपण तिच्या शब्दास क्वचितच दाखवितो. मघाशी आम्ही ज्या 'भागते' शब्दाची स्तुती केली, तोच येथे घरातील एका व्यक्तीच्या वाट्यास नेहमी येतो आणि दुसरीच्या कधीच येत नाही. ही विभागणी कोणत्या न्यायाने झाली?

गरजेच्या न्यायाने पाहू. साठी उलटलेल्या माणसास मोठी अक्षरे, खणखणीत आवाज आणि बाहेर पडल्यावर मध्येच न संपणारी बॅटरी यांची गरज तरुणाहून अधिक. जुन्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते, आणि रिक्षावाल्यास पैसे देण्याच्या वेळी किंवा दवाखान्यातून घरी कळविण्याच्या वेळी नेमका तो बंद असतो. त्याहून गंभीर गोष्ट सुरक्षेची. ज्या फोनला नव्या दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या आहेत तो, ज्या माणसास ठकांपासून सर्वांत अधिक भय त्याच्या हाती आपण देतो. आणि त्याच फोनवर तिचे निवृत्तिवेतन जमा झाल्याचा निरोप येतो, तिच्या बँकेचा गुप्त अंक येतो. लग्नपत्रिकेच्या नावाखाली एखादी घातक आज्ञावली व्हॉट्सअॅपवर येते, आणि ती उघडताच खाते रिकामे होण्याची वाट मोकळी होते, असे प्रकार आपल्याकडे घडले आहेत. अर्थात् नव्या फोनने सर्व फसवणूक टळते असे आम्ही म्हणत नाही. 'डिजिटल अटके'ची धमकी देणारा तोतया पोलिस माणसाच्या भीतीवर चालतो, त्यास फोन जुना-नवा सारखाच. पण दाराचे कुलूप सर्व चोर थांबवीत नाही म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या खोलीस मोडके कुलूप लावावे, हा तर्क कोणी करीत नाही.

यावर आमच्याच शब्दांनी आम्हांस अडविता येईल. फोन जितका अधिक वर्षे चालेल तितका बरा, असे आताच म्हटले. मग घरातल्या घरात जुना फोन वापरला जाणे हा तर उत्तम पुनरुपयोग! आक्षेप रास्त आहे. पुनरुपयोग व्हावा; पण तो कोणाच्या हातून व्हावा एवढाच आमचा प्रश्न आहे. ज्यास आज्ञावल्या कळतात, संशयित निरोप ओळखता येतो, बॅटरी संपली तर शेजाऱ्याकडून वायर मागता येते, त्याने जुना फोन आणखी दोन वर्षे चालवावा, त्यात नवी बॅटरी घालावी. आणि घरात नवा यावयाचाच असेल तर तो आईच्या हाती यावा. हे ऐकून कित्येक घरांत हसू होईल. ज्यांचा धंदाच फोनवर आहे, जो चित्रे काढून किंवा गाडी चालवून पोट भरतो, त्याची अडचण आम्ही जाणतो. त्यास हे लागू नाही. पण आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचा फोन कचेरीच्या वाटेवर चित्रफिती पाहण्याच्या कामी येतो, असे म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाही.

आई स्वतः नको म्हणते, त्याचे काय? म्हणते खरी. पण घरातील स्त्रिया अमुक गोष्ट 'नको' म्हणतात त्यात किती वेळा खरोखर नको असते आणि किती वेळा ती आपल्या वाट्यास यावयाची नाही हे आधीच ठरलेले असते, याचा शोध घेणे हे मुलाचे काम आहे. नव्या फोनची तिला धास्ती वाटत असेल तर त्याचे कारण बहुधा असे की, शिकवावयास बसलेला मुलगा तिसऱ्या प्रश्नाला चिडतो आणि फोन तिच्या हातून ओढून घेऊन स्वतःच बटणे दाबतो. म्हणून फोनच्या किंमतीत चार रविवारच्या सकाळी धरल्या पाहिजेत. त्या धरावयाच्या नसतील, तर सर्वांत भारी फोनही तिच्या कपाटात, मूळच्या पेटीत, चादरीखाली जाऊन पडेल.

आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाने २०२२ सालच्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले, आणि २०२५ साली दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाविषयी एका समितीचा अहवालही त्या मंत्रालयाकडे आला. शीतकपाटावर विजेच्या बचतीचे तारे छापलेले असतात, ते पाहून आपण शीतकपाट घेतो. फोनच्या पेटीवरही तसलेच काही छापले जावे अशी अपेक्षा करावयास हरकत नाही. तोपर्यंत दुकानदारास विचारणे एवढाच मार्ग आहे. 'या फोनला दुरुस्त्या कोणत्या सालापर्यंत मिळतील?' असा प्रश्न आम्ही तीन दुकानांत विचारून पाहिला. दोन ठिकाणी उत्तर मिळाले नाही. तिसऱ्या ठिकाणच्या तरुण विक्रेत्याने प्रथम आमच्याकडे निरखून पाहिले, मग स्वतःच्या फोनवर शोध केला, साल सांगितले, आणि आपल्या वडिलांसाठी कोणता घ्यावा याचा विचार तो स्वतःही करीत आहे, असे म्हणाला.